स्कॉलरशिपच्या अर्जांत रविवार चाललेत, हाती काय लागतं? (अमेरिका, हायस्कूल)

रातांबा | १४ सप्टेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. लेक नुकतीच अकरावीत गेली. जूनपासून तिला आणि मला स्कॉलरशिपचं वेड लागलंय. दर रविवारी जेवणं झाली की ती टेबलावर लॅपटॉप उघडते, मी शेजारी चहा घेऊन बसते. एक्सेल शीट केलीय: नाव, रक्कम, शेवटची तारीख, निबंध आहे की नाही. आजवर ३१ अर्ज झाले. त्यातले वीस तरी 'निबंध नको, फक्त नाव-पत्ता भरा' या प्रकारातले. फळ काय? तिच्या इनबॉक्समध्ये कधी नावही न ऐकलेल्या कॉलेजांच्या जाहिराती, मला शैक्षणिक कर्ज देऊ करणारे फोन, आणि काल आलेली ही मेल: 'अभिनंदन! तुमची संधी वाढवण्यासाठी आता तीन मित्रांना आमंत्रण पाठवा.'

आम्ही ना धड गरीब, ना धड श्रीमंत. दोघांचे पगार मिळून सरकारी मदत मिळावी इतके कमी नाहीत, आणि वर्षाला ऐंशी हजार डॉलर सहज काढून द्यावेत इतके जास्तही नाहीत. धाकटा सातवीत. नवरा म्हणतो, हाच वेळ अभ्यासाला दिला तर जास्त पैसे मिळतील. त्याचं बरोबर निघू नये अशी फार इच्छा आहे :) ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी खरं काय ते सांगा.

तिरफळ | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

मीही याच नावेत. पॉपकॉर्न घेऊन बसते.

कंदीपेढा | १४ सप्टेंबर, रात्री ११:३१

शीर्षक वाचून वाटलं, मुलीला स्कॉलरशिपला बसवलंय! आमच्या वेळी चौथीत आणि सातवीत बसवायचे. गुरुजी सकाळी सातला जादा तास घ्यायचे आणि बुद्धिमत्ता चाचणीत आरशातलं घड्याळ हमखास यायचं.

आडवाटा | १५ सप्टेंबर, सकाळी ६:४८

रातांबा, नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे. त्यांना लगेच सांगू नका.

दोन मुलं कॉलेजात घालून झाली, त्या अनुभवावर सांगतो. पैसा तीन ठिकाणी असतो: सरकारकडे, खुद्द कॉलेजकडे आणि बाहेरच्या संस्थांकडे. तुमच्यासारख्या घरांसाठी मोठा पैसा कॉलेजकडे असतो आणि सगळे शोधत बसतात तिसरीकडे, कारण संकेतस्थळं तिसऱ्याचीच दिसतात. ती 'निबंध नको' वाली म्हणजे सोडत आहे. तुमचा पत्ता हेच तिकीट.

या रविवारी लॅपटॉप उघडाल तेव्हा स्कॉलरशिप शोधू नका. लेकीच्या मनात असलेल्या चार-पाच कॉलेजांची संकेतस्थळं उघडा आणि 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' (मदत वजा जाता तुम्हाला किती भरावं लागेल त्याचा अंदाज देतो) शोधा. फेडरल (केंद्र सरकारची) मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाला २०११ पासून तो ठेवणं बंधनकारक आहे, पण काहींनी असा दडवलाय की माजघरातला डबा सापडावा तसा सापडतो. टॅक्स रिटर्न शेजारी घेऊन बसलात तर एकेकाला पंधरा-वीस मिनिटं. छापील फी विसरा, हा आकडा बघा.

मग प्रत्येक कॉलेजाचा 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजनं स्वतः जाहीर केलेली आकडेवारी) शोधा. त्यात 'एच२ए' नावाचा तक्ता असतो. ज्यांना गरज म्हणून मदत बसत नाही अशा किती मुलांना कॉलेजनं गुणवत्तेवर पैसे दिले आणि सरासरी किती दिले, ते तिथे असतं. हा एक तक्ता ३१ अर्जांना भारी आहे. आयव्ही लीगची आठही कॉलेजं गुणवत्तेची स्कॉलरशिप देतच नाहीत, खेळाचीही नाही. उत्पन्न कमी असेल तर भरभरून देतात. पण तुमची लेक आंतरराष्ट्रीय पदक घेऊन आली तरी त्या पदकासाठी म्हणून एक डॉलर मिळणार नाही. उलट अलाबामासारखं सरकारी विद्यापीठ परराज्यातल्या मुलांनाही जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) आणि सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर किती देणार त्याचा तक्ता सरळ संकेतस्थळावर लावतं.

पाणकोंबडी | १५ सप्टेंबर, सकाळी ९:२०

आडवाटा यांच्याशी बरीचशी सहमत, पण बाहेरचं सगळं फुकट हे मान्य नाही. फक्त राष्ट्रीय पातळीवर शोधू नये. कोका-कोलाची स्कॉलरशिप २०,००० डॉलरची खरी, पण अख्ख्या देशातून १५० मुलं निवडतात. तिथे अर्ज जरूर करा, आशा ठेवू नका.

आमच्या मुलाला छोट्या छोट्या सात मिळाल्या. ५०० गावातल्या बागकाम मंडळाकडून, १,००० क्रेडिट युनियनकडून (म्हणजे पतपेढीच), १,५०० नवऱ्याच्या कंपनीकडून (कंपनीत अशी योजना आहे हे नवऱ्याला अकरा वर्षांत माहीत नव्हतं!), बाकी अशाच. सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास. बागकाम मंडळाच्या बाईंनी नंतर सांगितलं की त्या वर्षी अर्जच चार आले होते. मुलानं आमच्या कंपोस्टच्या पिंपात उंदीर झाले त्यावर ३०० शब्द लिहिले.

कुठे सापडतात: हायस्कूलच्या काउन्सेलर ऑफिसचं पान (गेल्या वर्षीची यादी मागून घ्या, तीच पुन्हा येते), गावची लायब्ररी, तुमच्या दोघांच्या नोकरीचं एचआर, बँक, आणि शाळेच्या पुरस्कार समारंभाची छापील पत्रिका. त्यात देणाऱ्यांची नावं असतात. मी ती पत्रिका फोटो काढून ठेवली होती.

कंदीपेढा | १५ सप्टेंबर, सकाळी ९:४४

उंदरांनी ५०० डॉलर मिळवून दिले. गणपती पावला म्हणायचं.

गवती_चहा | १५ सप्टेंबर, दुपारी १:१२

पाणकोंबडी, तुमच्याकडे हे झालं नाही म्हणून बरं. आमची गोष्ट ऐका.

लेकीनं बारावीत जीव टाकून निबंध लिहिले, बाहेरून ५,००० डॉलर मिळाले. आम्ही बर्फी वाटली. ऑगस्टमध्ये कॉलेजचं सुधारित पत्र आलं. त्यात कॉलेजची स्वतःची ग्रँट (परत न करायची मदत) बरोब्बर ५,००० नं कमी. फोन केला तर म्हणे, 'तुमची गरज आता तेवढ्यानं कमी झाली.' म्हणजे मेहनत पोरीची, बचत कॉलेजची! तिनं ते पत्र घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, जणू मीच कापले.

याला 'स्कॉलरशिप डिस्प्लेसमेंट' म्हणतात हे नंतर कळलं. मेरीलँडनं २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांना यावर बंधन घातलं, नंतर आणखी काही राज्यांनी. बाकीकडे कॉलेजची मर्जी. तेव्हा आधीच ईमेलनं विचारा: बाहेरचे पैसे आले तर आधी काय कमी करता, कर्ज आणि वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून मिळणारे पैसे) की ग्रँट? कर्ज कमी करणारं कॉलेज असेल तर अर्जांत अर्थ आहे. ग्रँट कापणारं असेल तर रविवारी सिनेमा बघा.

हा फटका गरजेवर मदत मिळणाऱ्यांना बसतो. निव्वळ गुणवत्तेवरचे पैसे असतील तर सहसा एवढं होत नाही.

पाणकोंबडी | १५ सप्टेंबर, दुपारी १:३०

बापरे. आम्हाला गरजेची मदत नव्हतीच, म्हणून वाचलो. हे मला माहीतच नव्हतं.

प्रतीक्षायादी | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०३

एक बाजूचा प्रश्न. आम्ही एच-१ (नोकरीचा व्हिसा), मुलगा एच-४ (त्यावर अवलंबून असलेल्यांचा). ग्रीन कार्डाची रांग माझ्या आयडीवरून समजून घ्या. दुसरीपासून इथेच शिकलाय, आता दहावीत आहे. त्याच्यासाठी यातलं काही आहे का? प्रत्येक अर्जात पहिलाच प्रश्न 'नागरिक किंवा कायम रहिवासी?' असतो. परवा त्यानं विचारलं, 'बाबा, मी नक्की कुठला?' मी म्हटलं, आधी जेव.

आडवाटा | १५ सप्टेंबर, रात्री ८:४०

प्रतीक्षायादी, शेवटची ओळ वाचून थांबलो जरा.

फेडरल मदत एच-४ ला नाही, पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी) नाही, फेडरल कर्जही नाही. कोका-कोलासारख्या मोठ्या राष्ट्रीय योजनाही त्याला बंद. पण कॉलेजांच्या स्वतःच्या गुणवत्ता स्कॉलरशिप बऱ्याच ठिकाणी व्हिसा बघत नाहीत. गरजेची मदत देणारी खासगी कॉलेजं 'सीएसएस प्रोफाइल' मागतात. तो फॉर्म नागरिक नसलेल्यांनाही भरता येतो. मात्र प्रवेशाच्या वेळी तुम्हाला आंतरराष्ट्रीय धरतात का आणि धरलं तर मदतीचे नियम बदलतात का, ते प्रत्येक कॉलेजला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. राज्यातल्या रहिवाशांची फी एच-४ ला लागू होते का हे राज्याराज्यात वेगळं आहे. आणि २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. तेव्हा मिळालेली स्कॉलरशिप आणि फीची सवलत तशीच राहते का, हाही प्रश्न त्याच ईमेलात घाला.

पाणकोंबडींनी सांगितलेल्या गावातल्या छोट्या योजना मात्र बघाच. बऱ्याच ठिकाणी अट एवढीच असते की मुलगा याच शाळेचा हवा.

प्रतीक्षायादी | १५ सप्टेंबर, रात्री ९:१५

मनापासून आभार. वाचनखूण साठवली.

जुनी_पेटी | १६ सप्टेंबर, सकाळी ७:२६

टेबलाच्या पलीकडून लिहिते. गेली तीन वर्षं मी आमच्या गावातल्या एका छोट्या स्कॉलरशिपच्या समितीवर आहे. साठ-सत्तर अर्ज, पाच माणसं, एक शनिवार, लायब्ररीची खोली आणि कॉफीचा थर्मास. असं चालतं:

पहिल्या तासात वीसेक अर्ज निबंधाआधीच बाद होतात. शिफारसपत्र नाही, सही नाही, शब्दमर्यादा ५०० आणि निबंध ९०० चा. दरवर्षी दोघे-तिघे तरी निबंधात दुसऱ्याच स्कॉलरशिपचं नाव तसंच ठेवून पाठवतात. उरलेल्यांपैकी निम्मे कुणा थोर माणसाच्या वचनानं सुरू होतात आणि 'मला लहानपणापासून इतरांना मदत करण्याची आवड आहे' वर पोचतात. चाळिसाव्या निबंधाला डोळे मिटायला लागतात हो.

गेल्या वर्षी एका मुलानं लिहिलं होतं की आजीच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा तो दर रविवारी भरतो. एकदा बुधवारची बीपीची गोळी गुरुवारात पडली, गुरुवारी दोन झाल्या, आजीला चक्कर आली. तेव्हापासून तो डबा भरून झाला की फोटो काढतो आणि बहिणीला पाठवतो, तिनं 'ओके' लिहिल्याशिवाय झाकण लावत नाही. बस, एवढंच. मोठं होऊन काय होणार ते शेवटच्या ओळीत आलं होतं. पाचही जणांच्या यादीत त्याचं नाव पहिलं.

आपल्या मुलांच्या निबंधांबद्दल एक बोलू का? 'आईबाबा दोन सुटकेस घेऊन आले' हे आम्ही पुष्कळ वाचतो. सुटकेस आईबाबांची. मुलानं काय केलं ते कळत नाही.

सुपारीफूल | १६ सप्टेंबर, सकाळी ८:५०

जुनी_पेटी, हे थोडं खटकलं. मुलांनी घरात जे पाहिलं तेच लिहिणार ना? प्रत्येकाच्या घरी आजी आणि गोळ्या नसतात. आता नाट्यमय काही घडवायचं का निबंधासाठी?

जुनी_पेटी | १६ सप्टेंबर, सकाळी ९:३३

नाट्यमय नकोच, सुपारीफूल. गोळ्यांच्या डब्यात कसलं नाट्य? सुटकेसबद्दलही लिहावं, पण त्या मुलानं त्या सुटकेसचं काय केलं ते लिहावं. आमच्याकडे एकीनं लिहिलं होतं की तिच्या खोलीतली ती सुटकेस पावसाळी बुटांसाठी वापरतात आणि विमानतळाचं लेबल काढायला बाबा कधी देत नाहीत. तिला मिळाली.

सुपारीफूल | १६ सप्टेंबर, सकाळी ९:४१

बरं, पटलं. मुलाला दाखवते.

तिरफळ | १६ सप्टेंबर, दुपारी १२:१७

मला काल फोन आला होता. '७५ डॉलर प्रोसेसिंग फी भरा, स्कॉलरशिपची हमी.' आवाज इतका गोड की कार्ड हातात घेतलं होतं.

गवती_चहा | १६ सप्टेंबर, दुपारी १२:४०

हमी आणि फी हे दोन शब्द एका वाक्यात आले की फोन ठेवायचा. फॅफ्सा (सरकारी मदतीसाठी भरायचा अर्ज) फुकट असतो, तोही सरकारी संकेतस्थळावरच भरायचा. त्याच्यासारखी दिसणारी, पैसे मागणारी दुकानं आहेत.

अपवाद एकच लक्षात ठेवा: सीएसएस प्रोफाइलला फी असते, ती खरी आहे. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. उत्पन्न लाखाच्या आत असेल तर माफ होते.

जुळ्यांची_आई | १६ सप्टेंबर, रात्री ९:५८

फॅफ्साचं नाव निघालंच आहे तर माझं रडगाणं. पूर्वी घरातली दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली तर पालकांनी भरायची रक्कम विभागली जायची. जुळी झाली तेव्हा सगळे म्हणाले, बघ, कॉलेजच्या वेळी फायदा होईल. २०२४-२५ पासून नवा फॅफ्सा आला, तो फायदा गेला. माझी दोघं नेमकी त्या वर्षीची. शिवाय तो फॉर्म ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या अखेरीस उघडला, तोही उघडझाप करत.

सीएसएस मागणारी कॉलेजं अजूनही भावंडांचा विचार करतात, एवढाच दिलासा.

मोरावळा | १६ सप्टेंबर, रात्री १०:२०

आमचं उत्पन्न जास्त आहे, काही मिळणार नाही हे माहीत आहे. तरी फॅफ्सा भरायचा का? मला हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटतो.

आडवाटा | १६ सप्टेंबर, रात्री १०:४५

भरा. काही कॉलेजं गुणवत्तेच्या पैशांसाठीही तो मागतात. आणि मुलाच्या नावावरचं फेडरल कर्ज, पहिल्या वर्षी ५,५०० पर्यंत, कितीही उत्पन्न असलं तरी मिळतं, पण फॅफ्सा हवाच. नोकरी कधी जाईल सांगता येत नाही.

रातांबा, तुमच्यासाठी महत्त्वाचं: फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. तुमची लेक आज अकरावीच्या सप्टेंबरात आहे, म्हणजे तिच्या पहिल्या फॅफ्सात हे चालू वर्षच मोजलं जाणार. डिसेंबरपर्यंत मोठे शेअर विकायचा विचार असेल तर आधी हिशोब करा. आणि मुलीच्या नावावर पैसे साठवले असतील तर फॅफ्सा त्यातले २० टक्के धरतो. आईवडिलांच्या नावावरच्या बचतीतले, ५२९ (शिक्षणासाठीचं बचत खातं) धरून, जास्तीत जास्त ५.६४ टक्के. निवृत्तीच्या खात्यातली शिल्लक धरतच नाहीत.

मोरावळा | १६ सप्टेंबर, रात्री ११:०२

हे शेअरचं दोन महिने आधी कळलं असतं तर! असो. भरतो.

रातांबा | १७ सप्टेंबर, रात्री ११:१०

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! लेकीनं पूर्ण धागा वाचला (मराठी वाचते, पण 'रडगाणं' म्हणजे गाण्याचा प्रकार वाटला तिला). पीएसएटी (सॅटची पूर्वपरीक्षा) पुढच्या महिन्यात आहे. तिच्या गुणांवर मिळणाऱ्या नॅशनल मेरिट स्कॉलरशिपबद्दल कुणी सांगेल का?

पाणकोंबडी | १८ सप्टेंबर, सकाळी ८:०५

अकरावीच्या ऑक्टोबरातली पीएसएटीच धरतात, त्यामुळे हीच ती. देशभरातून साधारण १६,००० सेमीफायनलिस्ट. गंमत म्हणजे कटऑफ प्रत्येक राज्याचा वेगळा. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स सगळ्यात वरच्यांत. तेच गुण घेऊन वेस्ट व्हर्जिनियात राहत असता तर आरामात बसला असता. नॅशनल मेरिटची स्वतःची स्कॉलरशिप फक्त २,५०० डॉलरची, तीही एकदाच. पण काही कॉलेजं फायनलिस्टना ओढून घ्यायला मोठं पॅकेज देतात. खरा फायदा तो.

कंदीपेढा | १८ सप्टेंबर, सकाळी ८:३०

वेस्ट व्हर्जिनियात घरं काय भावानं आहेत?

आणि निबंध जमत नसतील तर डक्ट टेपचे कपडे शिवून प्रॉमला (हायस्कूलच्या नाचाच्या समारंभाला) जायची एक स्पर्धा आहे, खरीखुरी, एक टेप बनवणारी कंपनी घेते. हजारो डॉलरचं बक्षीस. आपल्या पोरींनी डक्ट टेपची नऊवारी करावी. काष्टा सुटायची भीतीच नाही.

तिरफळ | १८ सप्टेंबर, सकाळी ८:५२

मेले हसून. मीटिंगमध्ये होते.

जुनी_पेटी | १८ सप्टेंबर, सकाळी ९:१०

मी परीक्षक असते तर नऊवारीला डोळे मिटून दिले असते.

रातांबा | २२ एप्रिल, रात्री ९:३७

दीड वर्षानं धागा वर काढतेय. निकाल सांगायचं वचन दिलं नव्हतं, पण तुम्ही एवढं लिहिलंत तर सांगायलाच हवं.

त्या आठवड्यातच ती एक्सेल शीट बंद केली. नव्या शीटमध्ये कॉलेजं घातली आणि पुढे दोनच रकाने: कॅल्क्युलेटरचा आकडा आणि एच२ए. तीन आवडती कॉलेजं तिथल्या तिथे बाद झाली. एकासाठी रडारड झाली, त्याचं नाव सांगत नाही. पीएसएटीत कटऑफ तीन गुणांनी हुकला (न्यू जर्सी, हो). नऊ ठिकाणी अर्ज केले, सहा ठिकाणी घेतलं. शेजारच्या राज्यातलं एक सरकारी विद्यापीठ वर्षाला १२,००० देतंय, चार वर्षं. जिथे तिला खरं जायचं होतं त्यांनी ८,००० दिले. आम्ही विनंतीचं पत्र लिहिलं, बरोबर दुसऱ्याचं पत्र जोडलं. दहा दिवसांनी ११,००० झाले. एक ईमेल, तीन हजार!

बाहेरच्या फक्त आठ ठिकाणी अर्ज केले, सगळे गावातले. दोन मिळाल्या: लायब्ररीच्या मित्रमंडळाचे ७५० आणि माझ्या क्रेडिट युनियनचे १,०००. बागकाम मंडळानं नाकारलं. उंदीर नव्हते आमच्याकडे.

निबंध तिनं माझ्या चहावर लिहिला. दर रविवारी आई शेजारी बसते, चहा गार होतो, आणि मग आई तो मायक्रोवेव्हमध्ये तीनदा गरम करते पण पीत नाही. मला माहीतच नव्हतं की ती मोजते.

गवती_चहा | २२ एप्रिल, रात्री १०:०४

वा! अभिनंदन लेकीचं. ती ११,००० दरवर्षी टिकवायला जीपीए किती लागतो ते बघितलंत ना? आणि बाहेरचे पैसे आले तर काय करतात?

रातांबा | २२ एप्रिल, रात्री १०:१८

३.२५. आणि हो, ईमेलनं विचारलं, उत्तर छापून ठेवलंय: गुणवत्तेच्या पैशाला हात लावत नाहीत. तुमचं ड्रॉवरमधलं पत्र विसरले नाही.

आडवाटा | २२ एप्रिल, रात्री १०:३३

मनापासून अभिनंदन. खोली-जेवणासाठी वापरलेल्या स्कॉलरशिपवर टॅक्स लागतो, फी आणि पुस्तकांसाठीच्या नाही. पावत्या जपा. नवरोबा काय म्हणतात?

रातांबा | २२ एप्रिल, रात्री १०:४१

म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं.

प्रतीक्षायादी | २३ एप्रिल, सकाळी ७:१५

अभिनंदन! आमचा आता अकरावीत. सात कॉलेजांना तो ईमेल पाठवला, चार उत्तरं आली. एकानं चक्क लिहिलंय की व्हिसा न बघता गुणवत्तेचे पैसे देतो. प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

कंदीपेढा | २३ एप्रिल, सकाळी ८:०२

रातांबा, गावाकडे कळवलं का?

रातांबा | २३ एप्रिल, सकाळी ८:२०

काल रात्रीच आईला फोन केला. म्हटलं, आई, नातीला स्कॉलरशिप मिळाली. दोन सेकंद शांतता, मग विचारते, 'जिल्ह्यात कितवी आली?'